टिपण्याची तीन साधने : पेनाइन माळावरील जलाशय आणि हिवाळी पक्षिनिरीक्षण

मराठीतील ‘टिपणे’ या क्रियापदाचा अर्थविस्तार मोठा कुतूहलजनक आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी पाखरू टिपतो, अभ्यासक पाहिलेली गोष्ट वहीत टिपून ठेवतो, आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. यांपैकी शेवटचा अर्थ सर्वांत अलीकडचा, हे सांगावयास नको. असा अर्थशेजार केवळ आपल्याच भाषेत आढळतो असेही नाही. इंग्रजीतील ‘स्नॅपशॉट’ हा शब्द मुळात बंदुकीच्या परिभाषेतील. फारसा नेम न धरता झटकन झाडलेली गोळी असा त्याचा अर्थ होता. छायाचित्रणाच्या संदर्भात तो १८६० साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने वापरला. पुढे १८८२ साली एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे घेणारे एक यंत्र तयार केले. त्यास दस्ता होता, नळी होती, चाप होता, आणि त्याचे नावही ‘छायाचित्रणाची बंदूक’ असेच होते.

‘अमुक पक्षी अमुक दिवशी अमुक पाण्यावर होता’ असे कोणी म्हटले तर इतरांनी त्यावर विश्वास का ठेवावा? या प्रश्नास गेल्या दीडशे वर्षांत बंदूक, टिपणवही आणि कॅमेरा अशी तीन उत्तरे देण्यात आली. या तिहींचा क्रम पायऱ्यांसारखा मानण्याचा प्रघात आहे : प्रथम बंदूक, ती जाऊन वही, आणि वहीच्या वर अखेरचा निर्विवाद पुरावा म्हणून कॅमेरा. हा क्रम निदान एका प्रदेशापुरता तरी टिकत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रदेश म्हणजे इंग्लंडमधील पेनाइन डोंगररांगेच्या दक्षिण भागातील माळ व त्यांवरील जलाशय. आणि ऋतू हिवाळ्याचा.

पेनाइन रांग उंचीने मोठी नव्हे. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक नगरांच्या मधला तिचा टप्पा आज पीक डिस्ट्रिक्ट म्हणून ओळखला जातो. त्यातील सर्वांत उंच स्थान, किंडर स्काउट, ६३६ मीटर उंचीचे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी आहे. परंतु त्याचा माथा आपल्या सह्याद्रीच्या कातळी पठारासारखा नाही. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, ओला, पाय रुतणारा थर त्यावर पसरलेला असून त्यावर हेदर नावाची बुटकी झुडपे वाढतात. या थरास पीट म्हणतात आणि अशा माळास मूर. प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वरूपाने दलदल आणि डोंगर असे दोन्ही अर्थ व्यक्त होत. कोशात वाचताना ही विसंगती वाटते. या माळावर पावसात चालून आलेल्यास ती वाटणार नाही.

येथील जलाशय निसर्गनिर्मित नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मँचेस्टरच्या गिरण्यांना आणि वस्त्यांना स्वच्छ पाण्याची निकड भासू लागली. जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने १८४८ पासून एथरो नदीच्या लाँगडेंडेल खोऱ्यात एकाखाली एक अशा जलाशयांची साखळी बांधण्यास प्रारंभ केला. वुडहेड येथील बांध गळू लागल्याने तेथे दुसरा बांध घालावा लागला आणि ही सर्व कामे पुरी होण्यास १८७७ साल उजाडले. पूर्वेकडील डरवेंट खोऱ्यात शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर या नगरांसाठी १८९९ साली जलमंडळ स्थापन झाले. हाउडन धरण १९१२ मध्ये आणि डरवेंट धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. त्यांखालील लेडीबोअर जलाशयाचे उद्घाटन सहावे जॉर्ज यांनी २५ सप्टेंबर १९४५ रोजी केले. त्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावे गेली. धरणग्रस्त गावांची कथा मराठी वाचकास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. किंडर स्काउटच्या पायथ्याशी स्टॉकपोर्ट नगरासाठी बांधलेला लहानसा जलाशय १९१२ चा. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

उजनी किंवा जायकवाडीच्या फुगवट्यावरील पक्ष्यांची दाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तशी अपेक्षा येथे ठेवू नये. आपली ती पाणी उथळ, गाळाची आणि अन्नाने समृद्ध असतात. पीटमधून झिरपलेले पाणी चहाच्या रंगाचे, थंड, आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांनी दरिद्री असते. शिवाय खोऱ्यांच्या उभ्या उतारांमुळे ते काठापासूनच खोल होते. उन्हाळ्यात माळावर घरटी करणारे सोनचिखले हिवाळ्यात सखल शेतांकडे व किनाऱ्याकडे उतरतात. मागे राहतो तो मुख्यतः तांबडा ग्राउझ, हेदरचे कोंब खाऊन वर्षभर तेथेच राहणारा. पाण्यावर हिरव्या डोक्याची थोडी बदके, कधी गोल्डनआय, करवती चोचीची मासेखाऊ गूझँडर बदके, आणि क्वचित उत्तरेकडून आलेले रानहंस. डिसेंबर-जानेवारीत गुलाबी पायांचे हंसक लँकशर आणि नॉरफोक यांच्या दरम्यान ये-जा करताना माळावरून ओरडत जातात, पण सहसा उतरत नाहीत. संध्याकाळी मात्र चित्र पालटते. दिवसभर शेतांत आणि नगरांच्या कचराभूमींवर चरलेले कुरव पक्षी रात्रीच्या मुक्कामासाठी थव्याथव्याने मोठ्या जलाशयांवर येतात. सारांश, निरीक्षकाच्या वाट्यास एक तर फार थोडे पक्षी येतात, नाही तर अंधुक प्रकाशात मोजता न येण्याइतके पुष्कळ.

आता पहिले साधन, बंदूक. हा माळ एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या ग्राउझ-शिकारीसाठी राखलेला होता, आणि त्याचा मोठा भाग आजही तसाच वापरला जातो. शिकारीचा हंगाम कायद्याने १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर असा ठरलेला आहे. शेफील्डजवळील ब्रूमहेड माळावर १९१३ साली एका दिवसात नऊ बंदुकांनी २,८४३ ग्राउझ मारले. हा आकडा आपणांस इतक्या नेमकेपणाने ठाऊक आहे, याचे कारण शिकारीचीही वही असे. प्रत्येक जहागिरीत ‘गेम-बुक’ नावाचे दप्तर ठेवीत आणि त्यात दिवस, जागा व मारलेल्या पक्ष्यांची संख्या यांची नोंद होई. ही दप्तरे आज ग्राउझच्या संख्येतील चढउतार अभ्यासणाऱ्यांचे प्रमुख साधन ठरली आहेत. ग्राउझच्या रोगाची चौकशी करणाऱ्या समितीने १९११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. तिच्यासाठी शेकडो पक्ष्यांचे विच्छेदन एडवर्ड विल्सन यांनी केले होते. दक्षिण ध्रुवाहून परतताना १९१२ मध्ये स्कॉटबरोबर मृत्यू पावलेले विल्सन ते हेच. तेव्हा बंदूक आणि वही ही दोन साधने एकमेकांच्या पाठोपाठ आली असे म्हणता येत नाही. ती प्रारंभापासून एकाच टेबलावर होती.

संग्राहकांची बंदूक याहून निराळी. दुर्मिळ पक्षी मारून, पेंढा भरून कपाटात ठेवला म्हणजेच त्याची नोंद सिद्ध होते, असा त्या काळचा दंडक होता. हेन्री सीबोम हे शेफील्डचे पोलाद-कारखानदार याच परंपरेतले. १८७५ साली पेचोरा आणि १८७७ साली येनिसेई नदीपर्यंत जाऊन त्यांनी युरोपात हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या वीणभूमीचा शोध घेतला. आपल्या गावाजवळच्या पाण्यावर दिसणारा पाहुणा कोठून येतो हे शोधण्यासाठी सैबेरियापर्यंत जाण्याची जिद्द आदरणीय आहे. पण त्या प्रवासाचे फलित कातड्यांच्या आणि अंड्यांच्या पेट्यांतून परत आले, हेही विसरता येत नाही.

या दंडकास पहिला वैचारिक छेद एडमंड सेलूस यांनी दिला. प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलूस यांचे हे धाकटे बंधू. तरुणपणी स्वतः बंदूक चालविलेल्या एडमंड यांनी ती टाकून दिली आणि १९०१ साली आपल्या ग्रंथास ‘बर्ड वॉचिंग’ असे नाव दिले. पुढे एका मोठ्या छंदाचे नाव म्हणून रूढ झालेला शब्द तो हाच. क्रियापदाची ही निवड भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यापूर्वी पक्षी ‘गोळा’ करीत. आता तो ‘पाहणे’ हेच कार्य झाले. पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापाराविरुद्धची चळवळ याच सुमारास उभी राहिली होती. एमिली विल्यमसन यांनी १८८९ साली मँचेस्टरच्या डिड्सबरी उपनगरातील आपल्या घरी पक्षिसंरक्षण संस्था स्थापन केली. ज्या नगराने लाँगडेंडेलचे पाणी अडविले त्याच नगरात हे घडले, हा निव्वळ योगायोग मानण्यास मी तयार नाही. माळ पाहावयास जाणारा जो मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग पुढे दिसतो, तो याच नगरांनी घडविला होता.

पण माळावर जावयाचे कसे? हा प्रश्न पुराव्याच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. जमीनदाराचे रखवालदार ग्राउझ बिचकतील म्हणून लोकांना हाकलीत, आणि जलमंडळे पाणी दूषित होईल म्हणून. किंडरच्या विल्यम क्लफ या ओढ्याकाठची वाट पादचाऱ्यांसाठी खुली होण्यास १८९७ साल उजाडावे लागले. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण याच वाटेने, किंडर जलाशयाच्या कडेने, मुद्दाम बंदी मोडून माळावर चढले. त्यांपैकी बेनी रॉथमन आदी पाच जणांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्टला मिळालेला ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा, आणि खुल्या माळावर पायी फिरण्याचा हक्क देणारा २००० चा कायदा हे त्यापुढील टप्पे होत. १९३२ पूर्वीच्या हिवाळी नोंदी कोणाच्या आहेत हे पाहिले तर त्यांत जमीनदारांचे पाहुणे, रखवालदार, आणि रस्त्यावरून किंवा आगगाडीच्या स्थानकापासून दिसेल तेवढेच पाहू शकणारे नगरवासी असे तीन गट पडतात. जुन्या नोंदींत एखाद्या जलाशयाचे नाव वारंवार येते आणि शेजारच्याचे मुळीच येत नाही, तेव्हा पक्ष्यांच्या आवडीनिवडीपूर्वी कुंपणाचा विचार करणे इष्ट.

या दुसऱ्या साधनाचा, वहीचा, या प्रदेशातील आदर्श म्हणून टी. ए. कावर्ड यांचे नाव घेता येईल. १८६७ साली चेशरमध्ये जन्मलेल्या कावर्ड यांनी चार्ल्स ओल्डहॅम यांच्यासमवेत १९०० साली त्या परगण्याच्या पक्ष्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लाँगडेंडेल खोरे १९७४ पर्यंत चेशरमध्येच मोडत असे, म्हणून माळावरील हे जलाशयही त्यांच्या कक्षेत येत. ‘मँचेस्टर गार्डियन’ मधील त्यांच्या निसर्गविषयक टिपणांनी सामान्य वाचकांस पाहून लिहिण्याची गोडी लावली. १८९४ साली झाइस कंपनीने लोलकयुक्त दुर्बीण बाजारात आणली, आणि १९५४ साली पीटरसन, माउंटफर्ट व हॉलम यांची ब्रिटन-युरोपची खिशात मावणारी मार्गदर्शिका निघाली. या साठ वर्षांत दुरून पाहिलेला पक्षी ओळखणे हे शास्त्र झाले.

त्याच सुमारास वहीला शिस्त लागली. १९४७ पासून ब्रिटनमध्ये हिवाळी पाणपक्ष्यांची राष्ट्रीय मोजणी सुरू झाली. स्वयंसेवकाने ठरलेल्या रविवारी ठरलेल्या पाण्यावर जावयाचे, दिसतील तितके पक्षी मोजावयाचे, आणि काहीच न दिसल्यास शून्य लिहावयाचे. मोजणीच्या या पद्धतीचे लोण पुढे इतर देशांत पोहोचले. आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीस होणारी आशियाई पाणपक्षी गणना हे तिचेच भावंड आहे. पेनाइन माळावरील जलाशयांच्या बाबतीत या शून्याचे मोल मोठे आहे. आम्लधर्मी पाण्यावर वर्षानुवर्षे काही नसते, मग एके वर्षी दोन गूझँडर दिसतात, पुढे अधिक. आधीची शून्ये लिहिलेली नसती, तर हा पक्षी नव्याने आला की पूर्वीपासून होताच पण कोणी पाहिला नव्हता, हे सांगता आले नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखविणे होईल : कागदपत्रांतील मौन आणि स्पष्ट नकार या दोन गोष्टी भिन्न आहेत.

वहीवर आक्षेप होता तो साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाचा. पण कपाटातील मृत पक्षी तरी प्रामाणिक होता काय? या प्रश्नाचे उत्तर १९६२ साली ‘ब्रिटिश बर्ड्स’ या मासिकाने दिले. १८९२ ते १९३० या काळात दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जच्या परिसरात असंख्य दुर्मिळ पक्षी मारले गेल्याच्या नोंदी होत्या. निकलसन आणि फर्ग्युसन-लीझ यांनी ऐतिहासिक छाननी करून आणि नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने आकडेवारी तपासून त्या नोंदी अविश्वसनीय ठरविल्या. दूरदेशीचे पक्षी आणून ते तेथेच मारल्याचे भासविले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला, आणि ब्रिटिश पक्ष्यांच्या यादीतून एकोणतीस जाती-उपजाती वगळण्यात आल्या. हे पक्षी खरेच होते, हाती घेता येत होते. खोटे होते ते स्थळ आणि काळ. पुराव्याचा जड, स्पर्शगम्य भाग शाबूत असूनही नोंद बनावट असू शकते, हा धडा पुढे कॅमेऱ्याबाबतही उपयोगी पडतो. त्याआधी तीन वर्षे, १९५९ मध्ये, दुर्मिळ नोंदी तपासणारी समिती त्याच मासिकाच्या आश्रयाने स्थापन झाली होती. ती लेखी वर्णन मागत असे : पक्षी किती अंतरावर होता, प्रकाश कसा होता, कोणती दुर्बीण वापरली, सोबत कोण होते. साक्षीपुराव्याच्या कायद्याची छाया या प्रश्नावलीवर स्पष्ट दिसते.

आता कॅमेरा. पक्षिछायाचित्रणाचा उगम ब्रिटनपुरता याच पेनाइन माळाशी जोडलेला आहे, म्हणून तो हिवाळी जलाशयांवर लवकर पोहोचला असेल असे वाटण्याचा संभव आहे. रिचर्ड आणि चेरी कर्टन हे बंधू उत्तर पेनाइनमधील स्वेलडेल खोऱ्यातील थ्वेट या खेड्यात अनुक्रमे १८६२ आणि १८७१ साली जन्मले. ग्राउझच्या शिकारीत पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करून दाखविल्यामुळे रिचर्ड यांच्याकडे एका प्रकाशकाच्या मुलाचे लक्ष गेले आणि त्यांस लंडनमध्ये नोकरी मिळाली. म्हणजे कॅमेऱ्याच्या या कथेचा प्रारंभही बंदुकीच्या सान्निध्यातच झाला. १८९२ साली चेरी यांनी अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचा छायाचित्रमय ग्रंथ प्रसिद्ध झाला. बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून छायाचित्रे घेण्याची त्यांची युक्ती सर्वश्रुत आहे. १८९५ सालीच आर. बी. लॉज यांनी घरट्यावरील टिटवीचे छायाचित्र घेतले. १९११ मध्ये एमा टर्नर यांनी नॉरफोकमध्ये तपस पक्ष्याच्या पिलाचे छायाचित्र घेऊन, इंग्लंडमधून नाहीसा झालेला हा पक्षी पुन्हा वीण करू लागला, हे सिद्ध केले.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : ती वसंत-ग्रीष्मातील आहेत. त्या काळच्या काचा मंद होत्या, भिंगे जड होती, आणि छायाचित्रकारास असा पक्षी हवा होता जो ठरलेल्या जागी परत येईल. घरटे ही ती जागा. हिवाळ्यात घरटे नसते. डिसेंबरात या अक्षांशावर सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर येतो, दिवस साडेसात तासांचा असतो, आणि पक्षी अर्ध्या मैलावर पाण्याच्या मध्यभागी. १९६१ साली सुधारून काढलेली रंगीत कोडॅक्रोम फिल्मदेखील अवघ्या २५ वेगाची होती. याचा परिणाम असा की, पहिल्या सुमारे शंभर वर्षांच्या छायाचित्रसंग्रहांत माळावरील पक्षी पाहिले तर तेथे हिवाळा नसतोच, असा समज व्हावा. छायाचित्रांवरून निसर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही एकांगी बाजू ध्यानात घेतलेली मला क्वचितच आढळली.

हिवाळी जलाशयांवर कॅमेरा खऱ्या अर्थाने आला तो विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. मलेशियातील लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास साधा डिजिटल कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रभिंगास लावून दूरच्या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली आणि ही पद्धत जगभर पसरली. पुढे संवेदकांची क्षमता हजारोंच्या घरात गेली आणि तिन्हीसांजेच्या उजेडातही पक्षी ओळखण्याजोगा उमटू लागला. छायाचित्राच्या पोटातच दिनांक आणि वेळ नोंदली जाऊ लागली. जणू वही कॅमेऱ्यात शिरली. संशयित पक्ष्याचे पंख फोडून पाहण्याची गरज उरली नाही, उडताना घेतलेल्या चित्रात पिसे मोजता येऊ लागली. हा लाभ थोडा नाही, आणि तो नाकारणारा निरीक्षक हट्टी म्हणावा लागेल. पण दिनांक बदलता येतो, स्थळ तर सांगणाराच सांगतो. हेस्टिंग्जच्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांप्रमाणे चित्रातील पक्षी खरा असूनही नोंद खोटी असण्याची शक्यता राहतेच. शिवाय पक्ष्याच्या जितके जवळ जावे तितके चित्र चांगले, या मोहाने काठावरून उठविलेले पक्षी कडाक्याच्या थंडीत साठविलेली शक्ती उडण्यात खर्च करतात.

मला याहून अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘छायाचित्र नसेल तर पाहिलेच नाही’ अशी वृत्ती नव्या निरीक्षकांत बळावते आहे. ती मान्य केली तर दुर्मिळाची नोंद वाढते आणि नित्याची घटते. कारण नेहमीच्या बदकाचे दहावे चित्र कोणी काढीत नाही, आणि रिकाम्या पाण्याचे तर काढून उपयोगच नाही. डिसेंबरातील धुक्याच्या सकाळी लाँगडेंडेलच्या काठी उभे राहून पाचही जलाशयांपुढे शून्य लिहिणारा मनुष्य या वृत्तीच्या हिशेबी काहीच न करता घरी गेला असे ठरते. जुन्या दंडकाने मेलेला पक्षी मागितला, नवा दंडक चित्र मागतो. वहीतील साक्ष दोन्हीकडून दुय्यमच.

कुरवांच्या रात्रमुक्कामाची मोजणी हे या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण होय. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने ती प्रथम जानेवारी १९५३ मध्ये देशभर केली. नंतर १९९३ पर्यंत दर दहा वर्षांनी, मग २००४ च्या आगेमागे तीन हिवाळे, आणि दीर्घ खंडानंतर २०२३-२४ व २०२४-२५ या दोन हिवाळ्यांत ती पुन्हा झाली. पद्धत फारशी बदललेली नाही. सूर्यास्तापूर्वी तासभर धरणाच्या भिंतीवर किंवा उतारावर जाऊन बसावयाचे, येणारे थवे दिशेप्रमाणे दहादहाच्या, मग शंभराशंभराच्या घासांनी मोजावयाचे, आणि अंधार पडून पाण्यावरील पांढरा पट्टा दिसेनासा झाला म्हणजे थांबावयाचे. बोटे गारठलेली असल्याने आकडे बहुधा शिसपेन्सिलीने लिहितात, कारण ओल्या कागदावर शाई पसरते.